पिकअपला मोठे टायर : रिम तीच, परिणाम अनेक

नवी दिल्ली : खराब रस्त्यांवर वाहनाचा तळ घासू नये, म्हणून अनेक पिकअपमालक मूळ रिम कायम ठेवून मोठे टायर बसवून घेतात. मात्र टायर रिमवर चढला म्हणजे तो वाहनाला योग्य ठरला, असे नाही.

टायरवरील आकड्यांतून हा फरक स्पष्ट होतो. २१५/७५ आर १५ या मापात २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ ही त्या रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूच्या उंचीची टक्केवारी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ टायर बसवल्यास एकूण व्यास सुमारे ७०४ वरून ७३४ मिलिमीटर होतो. वाहनाची जमिनीपासूनची उंची मात्र केवळ १५ मिलिमीटरने वाढते.

मोठे चाक एका फेरीत अधिक अंतर कापते. त्यामुळे मूळ टायरवर अचूक असलेला वेगमापक ताशी ८० किलोमीटर दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ८३ च्या पुढे जातो. चढावर ओढ कमी पडते, ब्रेकवरील ताण वाढतो आणि पूर्ण वळणावर किंवा माल भरल्यावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता असते.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना प्रतिबंध करते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्यामुळे टायर खरेदीपूर्वी वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील मान्य मापे, रिमची रुंदी आणि टायरची भारक्षमता तपासणे आवश्यक ठरते. भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी असल्यास, आकाराने मोठा टायरही मालवाहू पिकअपसाठी धोकादायकच असतो.