चेन सरळ, मान ताठ

मुलाची शाळेची पँट घरी शिवली की शिलाईचे पैसे वाचतात. पण पुढची चेन वाकडी बसली तर पोर शर्ट बाहेर सोडून ती झाकत फिरते. आमच्या घरी हेच घडले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी माताभगिनींना लुगडे नेसण्याची पद्धत बदलून नीटनेटके राहण्यास सांगितले. मग घरी शिवलेला कपडा ओबडधोबड का असावा?

चूक आमचीच. कच्चे टाके न घालता, चेन ओढून, सगळ्या थरांवरून एकदम टीप मारली होती.

आता आम्ही सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापतो. घालणाऱ्याच्या उजव्या बाजूची कड मध्यरेषेच्या एक सूत पुढे दुमडून तिला चेन आणि मागची दुहेरी पट्टी जोडावी. डाव्या बाजूला आतली पट्टी लावून कड नेमकी मध्यरेषेवर दुमडावी. चेनखालची आसनाची शिवण घालावी. चेन बंद करून डावी कड उजवीवर ठेवावी, मध्यरेषा जुळवून हाताने कच्चे टाके घालावेत. मग आतून चेनची मोकळी कड फक्त आतल्या पट्टीला शिवावी, पँटला नव्हे. दुहेरी पट्टी बाजूला सारून, वरून खडूने सव्वा इंचावर खाली वळणारी रेषा आखून टीप मारावी. खालच्या टोकाला पक्के टाके द्यावेत, कच्चे उसवावेत.

वेळ थोडा जास्त लागतो. पण दुसरी पँट घातली तेव्हा पोराने शर्ट आपणहून आत खोचला. जयभीम!