कासारणीला दार कुणी बंद करत नाही

माझ्या कादंबरीत खून कुणाचा होणार, हे ठरण्याआधी भरती कधीची हे ठरलं. जुन्या पनवेलची रहस्यकथा लिहायची तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. रेल्वे घाट चढण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस मचव्यातून खाडीमार्गे पनवेलला उतरायचा आणि इथून बैलगाडी, तट्टू नाहीतर पालखी करून बोरघाटाच्या वाटेला लागायचा. खाडीला पाणी असेल तरच पडाव धक्क्याला लागणार. म्हणजे परका माणूस गावात कधी पोचू शकतो आणि गुन्हेगार गावातून कधी निसटू शकतो, हे समुद्राच्या हातात. रहस्यकथा लिहिणाऱ्याला असं गाव मिळणं हे मोठं भाग्य आहे.

काळ घेतला १८५६चा. पनवेलची नगरपालिका १८५२ची, राज्यातल्या अगदी जुन्यांपैकी. ठाण्यापर्यंतची आगगाडी १८५३ची, आणि १८५६मध्ये ती खोपोलीपर्यंत आली. घाटातला लोहमार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडलं. मधली सात वर्षं पनवेलच्या गाडीवानांनी, खलाशांनी, धर्मशाळेभोवतीच्या दुकानदारांनी कशी काढली असतील? मुंबई-पुण्याची वाहतूक आपल्या दारावरून जाते, यावर उभं राहिलेलं गाव, आणि ती वाहतूक डोळ्यांदेखत कर्जतकडे वळते आहे. खुनाचं कारण मला या भीतीत सापडलं. पनवेलला स्वतःची रेल्वे मिळाली ती थेट १९६०च्या दशकात, हे कळल्यावर त्या भीतीची खोली आणखी जाणवली.

भरतीचं गणित मला एका कोळी आजोबांनी शिकवलं. पौर्णिमेला आणि अमावास्येला मुंबईत भरती भरते ती साधारण बाराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. पुढे तिथीगणिक पाऊण तास धरायचा. चौथीला तीन, अष्टमीला सहा. खाडीच्या टोकाला पनवेलला थोडं उशिरा. घड्याळ नसलेल्या माणसांचं हे घड्याळ, आणि आजही ते बऱ्यापैकी जुळतं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येचं उधाण वेगळं, अष्टमीच्या आसपासची भांग वेगळी. भांगेत पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, आणि उथळ खाडीत लादलेला पडाव गाळात बसतो. माझा संशयित जबानीत सांगतो, ‘वद्य अष्टमीच्या मध्यरात्री पडावानं उतरलो.’ कोळीवाड्यातलं पोरसुद्धा सांगेल की त्या वेळी धक्क्यासमोर चिखल असतो. मामलेदार मात्र देशावरून बदलून आलेला आहे. त्याला ही जबानी खरी वाटते आणि तो ती लिहून घेतो.

आता हे खोटं पकडायचं कुणी?

इतिहासातल्या रहस्यकथेची खरी अडचण इथे आहे. खून, हत्यार, विष या गोष्टी सुचतात. पण गावात फिरून प्रश्न विचारायचा हक्क कुणाला? १८५६च्या पनवेलमध्ये एखादा तरुण, हुशार, इंग्रजी शिकलेला कारकून नायक करणं सोपं होतं. माझ्या पहिल्या आराखड्यात तो होताही. पण तो कोळणीच्या चुलीपाशी बसू शकत नाही. वाड्याच्या माजघरात त्याला प्रवेश नाही. महारवाड्यात तो जाणार नाही, आणि गेलाच तर परत आल्यावर त्याच्या घरात जे होईल त्यातच कादंबरी संपेल. वेशीवरच्या महाराला रात्री कोण आलं-गेलं हे सगळ्या गावाआधी ठाऊक असायचं, ते त्याचं कामच होतं. त्याच्याशी जो बोलू शकत नाही, तो तपास काय करणार?

आपल्याकडच्या भूमीवर इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे मी बारकाईने पाहिलं. नेव्ह मार्च यांच्या ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ला (२०२०) राजाबाई टॉवरची खरी घटना आधार आहे. २५ एप्रिल १८९१ रोजी दोन तरुण पारशी स्त्रिया त्या मनोऱ्यावरून पडून मरण पावल्या. त्यातली बचूबाई ही अर्देशीर गोदरेज यांची पत्नी. कुलपांच्या कारखान्याने पुढे घराघरांत पोचलेलं हेच ते नाव. लेखिकेने घराण्याचं नाव बदललं आणि तपास सोपवला जिम अग्निहोत्री या जखमी फौजीवर. आई हिंदुस्थानी, बाप अज्ञात इंग्रज. दोन्ही जगांत तो उपरा आहे, म्हणूनच दोन्हीकडे जाऊ शकतो. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री वकील आहे. १९२१च्या मुंबईत पडद्यातल्या विधवांशी समोरासमोर बोलणं पुरुष वकिलाला शक्य नव्हतं, तिला होतं. या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजी आहेत, आपल्या नाशिकच्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. दोन्ही लेखिकांनी आधी दारं मोजली आणि मग ती उघडू शकेल असा माणूस घडवला.

माझ्या पनवेलमध्ये असं कोण? उत्तर आमच्याच घरातल्या एका गप्पेत मिळालं. आईच्या लहानपणी कासारीण यायची तेव्हा आजी काम टाकून ओटीवर बसायची, आणि बांगड्या भरता भरता गावभरच्या बातम्या व्हायच्या. कासारणीला दार कुणी बंद करत नाही. लग्न, डोहाळजेवण, श्रावण, संक्रांत, प्रत्येक घराला तिची गरज. ती बाईचा हात हातात घेते, दाबते, वळवते. मनगट सुजलंय का, जुना वळ आहे का, हात थरथरतोय का, हे तिला न विचारता कळतं. सोनाराच्या सुनेशी आणि खलाशाच्या बायकोशी ती एकाच दिवसात बोलते. नवरा परगावी असताना कुणी नवा चुडा भरला, कुणी ऐन सणाला नको म्हटलं, हा हिशेब फक्त तिच्याजवळ. मी कारकुनाला त्याच दिवशी रजा दिली.

ती आली आणि कादंबरीतल्या खुणाच बदलल्या. सोनकोळी स्त्रिया काचेच्या बांगड्या डाव्याच हातात भरत. उजव्या हाताच्या बांगड्या लग्नात समुद्राला वाहिलेल्या, दर्यावरच्या धन्याचं रक्षण व्हावं म्हणून. कथेत पडावातून एक ‘कोळीण’ उतरते, डोक्यावर टोपली, काष्टा बरोबर, चाल बरोबर. धक्क्यावरच्या कुणालाही शंका येत नाही. कासारणीची नजर मात्र सवयीने मनगटावर जाते आणि तिला दोन्ही हातांत बांगड्या दिसतात. मोठ्या संग्रहालयात किंवा कागदपत्रांत मला हा दुवा मिळाला नसता, कारण तो तपास करणारीच्या धंद्यातून आलेला आहे. हौशी शोधकाचं बळ यातच असतं असं माझं ठाम मत आहे. त्याची बुद्धी अचाट असायला नको, आपल्या कामात त्याचा हात मुरलेला हवा.

तसंच चाकांचं. बैलगाडीची चाकं हा पनवेलचा नावाजलेला धंदा. एका जुन्या सुताराकडे मी चाक समजून घ्यायला गेलो. तुंबा, आरे, वरची लोखंडी धाव, सगळं त्यांनी हातात धरून दाखवलं. धाव तापवून बसवतात आणि तिच्या सांध्यापाशी बारीक उंचवटा राहतो. ओल्या मातीत तो दर फेऱ्याला एक खूण उमटवतो. दोन खुणांमधलं अंतर मोजलं की चाकाचा घेर मिळाला. ‘मग गाडी कुणाची ते मी झोपेत सांगेन,’ असं ते म्हणाले. ते वाक्य जसंच्या तसं कादंबरीत आहे, दुसऱ्याच्या तोंडी.

पनवेलचे बेने इस्रायलही कथेत आहेत. त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९चं. कोकणात या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. एक साक्षीदार अमुक तिथीला दुपारी त्यांच्याकडून तेल आणल्याचं सांगतो. जंत्रीत तिथीवरून वार काढला की तो शनिवार निघतो. अशी खूण वाचकासमोर उघडी ठेवता येते, कारण त्याला ती दिसूनही दिसत नाही.

कागदपत्रं शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. पनवेल आज रायगडात, त्याआधी कुलाब्यात, म्हणून लोक कुलाबा गॅझेटियर उघडतात. पण आपला काळ जुना असेल तर १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर पाहा. तेव्हा पनवेल ठाण्यात होतं. खुनाचा खटलाही म्हणून ठाण्याच्या न्यायाधीशापुढे उभा राहतो. भारतीय दंडसंहिता १८६०ची, लागू झाली १८६२पासून. पुराव्याचा कायदा १८७२चा. बोटांच्या ठशांचा विभाग कोलकात्यात उघडला १८९७मध्ये. १८५६च्या पात्रांना यातलं काही वापरता येत नाही. सोमलाची रासायनिक परीक्षा मात्र जेम्स मार्शने १८३६मध्येच शोधली होती, आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५पासून उभं होतं. विष ओळखता येणं शक्य होतं. प्रश्न एवढाच, की नमुना मुंबईला नेणारा पडाव कुठल्या भरतीला सुटणार.

विषाच्या बाबतीत बडोद्याचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो. नोव्हेंबर १८७४मध्ये रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची भुकटी घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते. इंग्रजांना दोष सिद्ध वाटला, हिंदी सदस्यांना वाटला नाही. महाराजांची गादी १८७५मध्ये तरीही गेली. पेल्याच्या तळाशी काय होतं यापेक्षा निकाल कुणाला हवा होता, हे तिथे निर्णायक ठरलं. इतिहासातला खून लिहिताना सत्तेला बाजूला ठेवलं तर हाती नुसतं कोडं उरतं.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीची परंपरा गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१पासूनची. गुप्तहेरकथेत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. हे दोन प्रवाह एकमेकांत फारसे मिसळले नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. व्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२पासून पुण्यात राहिले आणि शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या साहसकथा त्यांनी बंगालीत लिहिल्या. आपल्या मातीतलं हे द्रव्य त्यांना दिसलं. आपल्या मोडी दफ्तरांत अशा शेकडो गोष्टी पडून आहेत. लिहिता न येणारी माणसं कागदावर सहीच्या जागी आपल्या धंद्याची निशाणी काढत, कुणब्याचा नांगर, स्त्रीची बांगडी. एका बनावट खरेदीखताचं प्रकरण मी त्या निशाणीवरच उभं केलं आहे.

शेवटाबद्दल माझा आणि संपादकांचा बराच वाद झाला. कासारणीने ठाण्याच्या न्यायालयात उभं राहून सगळं उलगडून सांगावं, टाळ्या घ्याव्यात, असं त्यांचं म्हणणं. वाचकाला तो क्षण हवा असतो हे मलाही मान्य आहे. पण १८५६मध्ये तिला तो मिळाला नसता, आणि तो बहाल करून मी तिच्यावर उपकार केला नसता. तिने जे शोधलं ते वेशीवरच्या महाराने, सुताराने आणि तेल्याने आपापल्या तोंडून सांगितलं. पंचनाम्यावर पाच पुरुषांची नावं आहेत, तिचं नाही. संपादकांनी हस्तलिखित आठवडाभर ठेवून घेतलं, आणि परत आलं तेव्हा त्या प्रकरणावर एकही खूण नव्हती.

दुसऱ्या भागात ती म्हातारी झालेली आहे, साल १८७२. पुराव्याचा नवा कायदा आला आहे, आणि याच वर्षी पनवेलमध्ये धूतपापेश्वरची औषधशाळा सुरू झाली. माझी गोष्ट मात्र एका काल्पनिक वैद्याच्या घरात घडते. बचनाग गोमूत्रात भिजवून शुद्ध केल्याशिवाय औषधात घालत नाहीत. भिजवायला ठेवलेल्या मुळ्या सात होत्या, काढताना सहा भरल्या, आणि त्या घरात त्या दिवशी बांगड्या भरायला बोलावलं होतं.