पाटाच्या पाण्यामागचा माणूस : कै. शंकरराव चव्हाण

शिरड शहापूरच्या शिवारात ऊस उभा दिसला की कै. शंकररावजी आठवतात. ऊस म्हंजे पाणी, अन् पाण्यासाठी हा माणूस हट्टाला पेटलेला. जन्म १९२० चा, पैठणचा. नांदेडचे नगराध्यक्ष, पुढे राज्याचे पाटबंधारे मंत्री, दोनदा मुख्यमंत्री, देशाचे गृहमंत्री. पूर्णेवरची येलदरी-सिद्धेश्वर धरणं १९६८ साली पुरी झाली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते. त्यात गावं बुडाली, ते दुःख खोटं नव्हतं. पण मराठवाड्याच्या पाण्यावरचा हक्क शंकररावजींनी सोडला नाही. शिस्त अशी की लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. २६ फेब्रुवारी २००४ रोजी ते गेले. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पाला आता त्यांचंच नाव आहे.