हब लॉक केलेत का?

सगळं जग 'ऑटोमॅटिक'कडे धावतंय आणि बीडमध्ये कुणीतरी चक्क 'मॅन्युअल'कडे वळतंय. का बरं?

वॉशिंग मशीन ऑटोमॅटिक, गिअर ऑटोमॅटिक, विजेचं बिलसुद्धा खात्यातून आपोआप कटतं. अशा दिवसांत माझ्या मामांनी जीपचे ऑटोमॅटिक हब काढून मॅन्युअल बसवायचं ठरवलं, तेव्हा मला गंमतच वाटली.

मामा गेवराई तालुक्यातले. गोदाकाठची काळीभोर जमीन. उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती पावसात फुगते आणि चाकाला अशी चिकटते की टायरची नक्षीच दिसेनाशी होते. वस्ती डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आणि घरात हृदयाचा त्रास असलेली आजी. त्यामुळे जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप म्हणजे वीकेंडचं खेळणं नाही, दवाखाना गाठायचं साधन आहे. मागच्या पावसाळ्यात आजीला नेताना लीव्हर 'फोर'वर टाकला, तरी पुढची चाकं ढिम्म! ट्रॅक्टर येईपर्यंत आजी पाऊण तास गाडीतच.

हे हब करतात काय?

पुढचं चाक आणि त्याला फिरवणारा अॅक्सल यांना जोडणारी ही कडी. डांबरी रस्त्यावर ती सोडून ठेवली की चाक मोकळं फिरतं, आतली यंत्रणा उगाच झिजत नाही आणि थोडं इंधनही वाचतं. युद्धकाळातल्या विलिस जीपमध्ये ही सोय नव्हती. १९४८ मध्ये अमेरिकेत सिअॅटलजवळ आर्थर वॉर्न यांनी लष्कराच्या जुन्या जीपसाठी असे हब बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे महिंद्राने विलिस जीपची जुळणी सुरू केली, तीही त्याच सुमारास.

मॅन्युअल हबवर एक चकती असते. हाताने फिरवायची : 'फ्री' किंवा 'लॉक'. ऑटोमॅटिकमध्ये, निदान मामांच्या जीपसारख्या यांत्रिक प्रकारात, हे काम अॅक्सलच्या फिरण्यावर होतं. अॅक्सल फिरला की आतली दातेरी कडी सरकून चाकाला अडकते. उतरावं लागत नाही, कपडे खराब होत नाहीत. पण आतलं ग्रीस सुकलं किंवा चिखलपाणी शिरलं, की कडी अडून बसते. शिवाय रुतलेली गाडी आपण पुढे-मागे हलवतो, तेव्हा दिशा बदलली की हब सुटतो. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी!

बीडच्या गॅरेजमध्ये

मिस्त्रींनी झाकणाचे बोल्ट खोलले, सर्कलिप काढली, जुना हब बाहेर आला. आत ग्रीसऐवजी तपकिरी लगदा! बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं. ऑटोमॅटिकची कडी ज्या नटावर बसायची, तो नटही बदलावा लागला. तो किती आवळायचा, हीच खरी कारागिरी. सैल राहिला तर चाक डुगडुगतं, जास्त आवळला तर बेअरिंग तापतं.

"मामा, आता भर पावसात उतरावं लागेल की!" मी म्हटलं.

"चिखलात शिरायच्या आधीच उतरायचं गं," मामा म्हणाले. "चकती डोळ्यांनी दिसती. लागलंय का नाही, ह्याचा घोर नाही."

तुम्हालाही मोह होतोय?

* हब घेताना अॅक्सलच्या दात्यांची संख्या आणि बोल्टची जागा तुमच्या गाडीशी जुळते का, ते बघा.
* दोन्ही बाजू लॉक करा. एकच लॉक झाली, तर साध्या डिफरन्शिअलमध्ये ताकद मोकळ्या बाजूला वाया जाते.
* कच्चा रस्ता लागण्याआधीच हब लॉक करून ठेवा. लीव्हर 'टू'वर असेल तर डांबरावरही बिघडत नाही.
* कोरड्या डांबरावर लीव्हर मात्र 'फोर'वर नको. वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि ताण यंत्रणेवर येतो.
* खोल पाण्यातून गाडी काढली, तर हब उघडून ग्रीस तपासा.
* महिन्यातून एकदा चकती फिरवून बघा. वापराविना तीही आखडते.