घरातील बुरशी: ओळखायची कशी, घालवायची कशी आणि डॉक्टरांकडे कधी जायचे?

सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत सोनपेठ आणि आसपासच्या गावांतून खोकल्याचे, सर्दीचे आणि दम्याचे बरेच रुग्ण येतात. त्यांना औषध लिहून देण्याआधी मी एक प्रश्न हमखास विचारतो: तुम्ही झोपता त्या खोलीत ओल आहे का? अनेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. पण भिंतीवरची ओल, तिच्यावर आलेली बुरशी आणि छातीतली घरघर यांचा जवळचा संबंध आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीत ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना हा वास आणि हे डाग चांगलेच परिचयाचे असतील.

या लेखातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. बुरशी हा रोग नाही, ते लक्षण आहे. खरा रोग म्हणजे ओल. ओल तशीच ठेवून भिंत कितीही वेळा पुसली किंवा रंगवली तरी बुरशी परत येते.

बुरशी म्हणजे काय?

भाकरीवर किंवा लोणच्यावर येणारा बुरा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. भिंतीवर येते ती त्याच कुळातली. तिचे डोळ्यांना न दिसणारे बारीक बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना ओलावा आणि थोडेसे खाद्य मिळाले की ते वाढू लागतात. रंगाचा थर, लाकूड, कागद, कापूस, चामडे, धूळ, यातले काहीही त्यांना खायला चालते. भिजलेली वस्तू एक ते दोन दिवसांत वाळली नाही, तर तिच्यावर बुरशी धरू लागते.

बुरशी, लोणा की शेवाळ?

भिंतीवर दिसणारे सगळेच डाग बुरशीचे नसतात.

- लोणा: पांढरी, खरखरीत पूड. गिलाव्याचे पोपडे निघतात. हे मातीतले आणि विटांतले क्षार असतात. पाण्याचा थेंब टाकला की ते विरघळतात. लोणा श्वासाला फारसा त्रास देत नाही, पण भिंतीत पाणी मुरते आहे एवढे तो नक्की सांगतो.
- शेवाळ: हिरवे आणि बुळबुळीत. त्याला उजेड लागतो, म्हणून ते बहुधा बाहेरच्या भिंतीवर, हौदाजवळ किंवा गच्चीवर येते.
- बुरशी: काळे, करडे, हिरवट किंवा पांढरे ठिपके. कधी कापसासारखा, कधी मखमलीसारखा थर. पाणी टाकल्यावर ती विरघळत नाही, पुसली की फासली जाते. कुबट वास हे तिचे सर्वांत खात्रीचे लक्षण.

डाग दिसत नसला तरी वास येत असेल, तर कपाटामागे, दिवाणाखाली, भिंतीला टेकवलेल्या पोत्यांमागे, घडी करून ठेवलेल्या वाकळांत आणि गाद्यांखाली पाहा. उन्हाळ्यात कुलर लावताच कुबट वास आला, तर मागच्या वर्षीची ओली राहिलेली जाळी हे त्याचे कारण असू शकते.

बुरशी कोणत्या जातीची आहे हे प्रयोगशाळेत तपासून घेण्याची गरज नसते. जात कोणतीही असली तरी उपाय एकच: ती काढायची आणि ओल थांबवायची.

शरीरावर काय परिणाम होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, असे त्यांत नमूद आहे. अमुक इतकी बुरशी चालेल, अशी सुरक्षित मर्यादा मात्र त्यांत ठरवून दिलेली नाही.

साधारणपणे दिसणारी लक्षणे अशी:

- सकाळी उठताच लागोपाठ शिंका, नाक वाहणे किंवा चोंदणे
- डोळ्यांना खाज, घशात खवखव
- रात्री किंवा पहाटे वाढणारा कोरडा खोकला
- छातीत घरघर, दम लागणे
- आधीपासून दमा असेल तर पंप, म्हणजे इनहेलर, वरचेवर लागणे

घरातल्या सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. एकाच खोलीत झोपणाऱ्या दोन भावांपैकी एक रात्रभर खोकतो आणि दुसरा शांत झोपतो, असे घडते. लहान मुले, वयस्कर माणसे, दमा किंवा ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी जास्त जपावे. त्याच खोलीत चुलीचा धूर असेल, तर त्रास आणखी वाढतो.

एक सोपी नोंद करून पाहा. दोन आठवडे वहीत लिहा की खोकला कधी वाढतो आणि कधी थांबतो. मूल आजोळी गेले की बरे असते आणि घरी परतल्यावर दोन दिवसांत पुन्हा खोकू लागते, असे दिसले तर डॉक्टरांना जरूर सांगा. ही माहिती अनेकदा तपासणीइतकीच उपयोगी पडते.

ही तीच ‘काळी बुरशी’ आहे का?

नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात अनेकांना म्युकरमायकोसिस झाला आणि लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. तेव्हापासून भिंतीवर काळा डाग दिसला की घरातले घाबरतात. त्या आजारातला काळा रंग बुरशीचा नसतो. बुरशीमुळे रक्तपुरवठा तुटून नाकातला किंवा टाळूचा भाग मृत होतो आणि काळा पडतो. तो आजार मुख्यतः साखर खूप वाढलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. निरोगी माणसाला भिंतीवरच्या डागामुळे तो होत नाही.

मात्र ज्यांची साखर आटोक्यात नाही, ज्यांना कॅन्सरचे उपचार चालू आहेत किंवा जे दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी बुरशी स्वतः साफ करू नये.

गजकर्णही भिंतीवरून येत नाही. ते माणसाकडून माणसाला, कपड्यांतून किंवा जनावरांकडून लागते. तसेच, बुरशीच्या ॲलर्जीवर बुरशीनाशक गोळ्या स्वतःहून घेऊ नका. ॲलर्जी आणि संसर्ग या वेगळ्या गोष्टी आहेत.

ओल कुठून येते ते आधी शोधा

खालून: आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घातलेला नसेल, तर दिव्याची वात तेल ओढते तशी भिंत जमिनीतले पाणी वर ओढते. ही ओल जमिनीपासून साधारण दोन-तीन फुटांपर्यंत दिसते. जुन्या दगडमातीच्या घरांत ती नेहमी आढळते.

वरून: माळवदाच्या मातीत चिरा पडल्या, स्लॅबच्या कडेचा वाटा सुटला, पन्हळ तुंबली किंवा पत्र्याचे खिळे ढिले झाले, की पाणी आत येते. डाग छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागात असतो आणि मोठ्या पावसानंतर गडद होतो.

आतून: स्वयंपाकाची वाफ, मोरी, आत वाळत घातलेले कपडे आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा श्वास यांतून हवेत ओलावा साठतो. थंडीच्या पहाटे पत्र्यावरून थेंब पडतात ते याच पाण्याचे. खिडक्या बंद ठेवून कुलर चालवला तरी हेच होते.

नेमके कळत नसेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या मागे पाणी दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला थेंब दिसले तर ती हवेतली आहे.

बुरशी कशी काढावी?

डाग साधारण तीन फूट बाय तीन फूट एवढा असेल तर घरच्या घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल किंवा छत कुजले असेल, तर जाणकार गवंडी बोलवा.

१. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना दुसरीकडे पाठवा.
२. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि शक्य असल्यास चष्मा घाला. नाकाला नुसता रुमाल बांधून बीजाणू अडत नाहीत.
३. दारे-खिडक्या उघडा. कोरडी बुरशी झाडू किंवा खराट्याने झाडू नका, ती सगळ्या खोलीत उडते. आधी साबणाच्या पाण्याने भिजवा, मग ब्रशने घासा.
४. स्वच्छ फडक्याने पुसा आणि पंखा लावून भिंत पूर्ण वाळू द्या. वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाकून द्या.
५. फरशी किंवा टाइल्सवर ब्लीच वापरायचे असेल, तर पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वापरा. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे.

भिजलेल्या गाद्या कडक उन्हात पूर्ण वाळवा. आतपर्यंत बुरशी गेली असेल तर गादी टाकून देणे बरे. तो कापूस पिंजायला देऊ नका, कारण पिंजताना उडणारी बुरशी पिंजणाऱ्याच्या छातीत जाते.

नुसता रंग का चालत नाही?

दिवाळीपूर्वी डागावर पुट्टी आणि रंग मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पुढच्या पावसाळ्यात डाग परत येतो, कारण आतले पाणी गेलेले नसते. ही गोष्ट केवळ दिसण्यापुरती नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातल्या बुरशीची तक्रार त्याच्या वडिलांनी अनेकदा केली होती. त्यांना सुरुवातीला तिच्यावर रंग मारायला सांगितले गेले होते. बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेला श्वसनाचा गंभीर आजार हे मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. अशी घटना विरळ आहे आणि डाग दिसला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मूल सतत आजारी पडत असेल, तर भिंतीकडे दुर्लक्ष करू नका. भाड्याच्या घरात राहत असाल तर डागाचे फोटो काढून घरमालकाला दाखवा आणि मूळ दुरुस्तीचा आग्रह धरा.

पुन्हा येऊ नये म्हणून

- पावसाळ्यापूर्वी माळवद, वाटा, पन्हळ आणि पत्र्याचे खिळे तपासून घ्या.
- घराभोवती पाणी साचू देऊ नका. जमिनीचा उतार घरापासून दूर हवा.
- पलंग आणि कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका.
- स्वयंपाक आणि आंघोळीनंतर खिडकी उघडी ठेवा.
- ऊन पडेल त्या दिवशी अंथरुणे बाहेर टाका.
- उन्हाळा संपताच कुलरचे पाणी काढून तो वाळवा. पुढच्या वर्षी नवी जाळी लावा.
- बुरा आलेले शेंगदाणे, मका किंवा ज्वारी निवडून-धुऊन खाऊ नका. काही बुरशींचे विष शिजवल्यानेही जात नाही.

सगळी दुरुस्ती एकदम परवडत नसेल, तर निदान मूल किंवा दम्याचा रुग्ण झोपतो ती जागा आधी कोरडी करा. तेही जमत नसेल तर त्याचे अंथरूण घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत हलवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर. त्यासोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त असेल तर क्षयरोगाची तपासणी आवश्यक आहे. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. सगळा दोष बुरशीवर टाकून ती लांबवू नका.
- छातीत वारंवार घरघर होत असेल किंवा मूल रात्री खोकून उठत असेल तर.
- कुबट कडबा किंवा धान्य हलवल्यानंतर चार ते आठ तासांत ताप, अंगदुखी आणि दम लागत असेल तर. हा फुप्फुसाच्या ॲलर्जीचा वेगळा प्रकार असू शकतो.
- दम्याचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागत असेल तर. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे, तो स्वतःहून बंद करू नका.

ताबडतोब रुग्णालय गाठा: बोलताना वाक्य पूर्ण न होणे, ओठ निळे पडणे, श्वास घेताना मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाणे, पंप घेऊनही आराम न पडणे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

पुढच्या वेळी खोकल्यासाठी दवाखान्यात याल, तेव्हा मोबाइलमध्ये झोपण्याच्या खोलीच्या भिंतींचा एक फोटो काढून आणा. औषध आम्ही देऊ, पण भिंत कोरडी झाली तरच त्याचा गुण टिकेल.