मेट्रोची निवृत्त गाडी गावाकडे धावू शकते?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्याआधी २३ सप्टेंबर २०२२ पासून नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा सुरू झालेला होता. रूळ आले, स्थानके आली. आता प्रवाशांची मागणी फेऱ्या वाढवण्याची आहे. फेऱ्या वाढवायच्या तर गाड्या हव्यात आणि नव्या गाड्यांसाठी पैसा आणि वेळ दोन्ही लागतात. जगात काही ठिकाणी यावर एक वेगळा उपाय करून पाहिला गेला आहे. मोठ्या शहराच्या मेट्रोने निवृत्त केलेली गाडी दुरुस्त करून छोट्या मार्गावर चालवायची. आपल्याकडे हे जमेल का?

गाडी म्हातारी होते म्हणजे नेमके काय?

रेल्वेच्या डब्याचे सर्व भाग एकाच वेगाने झिजत नाहीत. विजेची यंत्रणा, मोटारी आणि नियंत्रण प्रणाली लवकर कालबाह्य होतात. चाके, ब्रेक आणि आसने बदलता येतात. खरा प्रश्न असतो तो डब्याच्या सांगाड्याचा. साध्या पोलादाचा सांगाडा पाणी साचून गंजतो. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलचा सांगाडा मात्र गंजाला बराच काळ तोंड देतो.

शिवाय मेट्रोच्या गाड्या झिजल्या म्हणूनच निवृत्त होतात असे नाही. सिग्नल यंत्रणा बदलते, गर्दी वाढते, वातानुकूलन हवे असते. मग संपूर्ण मार्गावर एकाच प्रकारच्या नव्या गाड्या आणल्या जातात आणि चांगल्या सांगाड्याच्या जुन्या गाड्या भंगाराच्या वाटेला लागतात.

लंडनचा प्रयोग

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट मार्गावर १९८० पासून धावणाऱ्या 'डी-७८' गाड्यांचे असेच झाले. त्यांचे डबे ॲल्युमिनियमचे होते. शेवटची गाडी एप्रिल २०१७ मध्ये निवृत्त झाली. एड्रियन शूटर या अनुभवी रेल्वे अधिकाऱ्याच्या 'व्हिवारेल' कंपनीने यांतील बरेच डबे विकत घेतले. सांगाडा तोच ठेवून त्याखाली डिझेल जनरेटर बसवले, अंतर्भाग नव्याने केला आणि स्वच्छतागृहेही दिली. इंजिन बिघडले तर तो संच फोर्कलिफ्टने काढून दुसरा बसवता येत असे. त्यासाठी अख्खी गाडी कारखान्यात न्यावी लागत नव्हती.

एप्रिल २०१९ मध्ये बेडफर्ड–ब्लेचली या ग्रामीण मार्गावर या गाड्या धावू लागल्या. पुढे वेल्समधील एका मार्गावर आणि आइल ऑफ वाइट बेटावरही त्या गेल्या. या बेटाला तर लंडनच्या जुन्या गाड्यांची सवयच आहे. १९६७ पासून तेथील प्रवासी लंडनच्या निवृत्त गाड्यांतूनच ये-जा करत आले आहेत.

दोन धडे

हा प्रयोग सरळ पार पडला नाही. ३० डिसेंबर २०१६ रोजी चाचणीदरम्यान पहिल्याच गाडीला आग लागली. डब्याखालच्या जनरेटर संचातून झालेली इंधनगळती तिच्या मुळाशी होती. त्यामुळे कोव्हेंट्री येथील नियोजित प्रवासी सेवा रद्द झाली.

नगरकरांना हा धडा वेगळा सांगायला नको. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून नगरला येणाऱ्या डेमू गाडीला नारायणडोहजवळ आग लागली आणि पाच डबे जळाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. डेमू म्हणजे डिझेल इंजिनाने वीज तयार करून त्या विजेवर मोटारी फिरवणारी गाडी. गाडी नवी असो वा जुनी, इंधन, उष्णता आणि विजेच्या तारा जिथे एकत्र येतात तिथे आगरोधक साहित्य, धूर ओळखणारी यंत्रणा आणि काटेकोर तपासणी यांना पर्याय नसतो. जुन्या डब्यात नवे यंत्र बसवताना तर ही जोखीम नव्याने तपासावी लागते.

दुसरा धडा देखभालीचा. २०२२ च्या अखेरीस व्हिवारेल कंपनी आर्थिक अडचणीमुळे बंद पडली आणि बेडफर्ड–ब्लेचली मार्गावरच्या गाड्या जागीच थांबल्या. तिथे जवळपास वर्षभर प्रवाशांना रेल्वेऐवजी बसने जावे लागले. गाड्या बिघडल्या नव्हत्या, त्यांची निगा राखणारे कोणी उरले नव्हते. मोजक्याच संख्येतल्या, वेगळ्याच बनावटीच्या गाड्यांचा हा मोठा धोका असतो.

आपल्याकडची कोणती गाडी चालेल?

मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मेट्रो १,४३५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावतात. नगर–बीड किंवा दौंड–मनमाड मार्गावर हे अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. म्हणजे चाकांचा पूर्ण खालचा भागच बदलावा लागेल.

कोलकाता मेट्रोच्या पहिल्या मार्गाचे रूळ मात्र ब्रॉडगेज आहेत. तिथल्या बिगर-वातानुकूलित गाड्या ऑक्टोबर २०२१ मध्ये निवृत्त झाल्या. पण त्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट वीज घेणाऱ्या आणि रुंदीला सुमारे २.७४ मीटर होत्या. नेहमीचा डबा ३.२५ मीटरचा असतो. म्हणजे फलाट आणि दरवाजा यांच्यात प्रत्येक बाजूला सुमारे २५ सेंटिमीटरची जादा फट पडेल. काठी टेकत चालणाऱ्या आजीबाईंसाठी ती फट जीवघेणी ठरू शकते.

सर्वांत जवळ येतात त्या दिल्ली मेट्रोच्या पहिल्या गाड्या. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर रूळ ब्रॉडगेज, वीज रेल्वेसारखीच २५ हजार व्होल्टची आणि डबे स्टेनलेस स्टीलचे आहेत. मेट्रोच्या डब्याचे आयुष्य साधारण ३० वर्षे धरले जाते. म्हणजे हा प्रश्न पुढच्या दशकात खरोखर समोर येईल.

तरीही काही अडचणी उरतात. मेट्रोचा मार्ग स्वतंत्र असतो, तिथे मालगाडी येत नाही. म्हणून तिचे डबे हलके असतात आणि धडकेचा जोर सोसण्याची त्यांची क्षमता कमी धरलेली असते. रेल्वेच्या उंच फलाटांची उंची साधारण ७६ ते ८४ सेंटिमीटर असते. मेट्रोच्या डब्याची जमीन त्याहून बरीच वर असल्याने पायऱ्या लागतील. आणि मेट्रोत स्वच्छतागृह नसते. अर्ध्या तासाच्या शहरी प्रवासात ते चालते. काही तासांच्या प्रवासात मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि ज्येष्ठ नागरिक पाणी पिणेच टाळतात. त्यातून निर्जलीकरण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. स्वच्छतागृह ही चैन नसून आरोग्याची गरज आहे.

बॅटरीचा पर्याय

लंडनच्या याच जुन्या डब्यांपैकी एक गाडी आता बॅटरीवर चालते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने एका चार्जिंगवर १३८ किलोमीटर अंतर कापले. नगर–आष्टी जाऊन-येऊन १३२ किलोमीटर होते. आकडे जुळतात, पण इंग्लंडची हवा आपली नाही. चाळिशीपार उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते आणि तिला थंड ठेवण्यातही वीज खर्च होते.

मग उत्तर काय?

'शहराने टाकलेली गाडी आमच्या माथी का?' हा प्रश्न दुष्काळी पट्ट्यातून आला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर गाडीच्या वयात सापडणार नाही. ती नव्या गाडीइतक्याच कठोर सुरक्षा चाचण्यांतून गेली आहे का, तिचे सुटे भाग पुढची १५ वर्षे मिळतील का आणि तिची देखभाल करणारी कार्यशाळा जवळ आहे का, हे आधी विचारायला हवे. या तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर जुन्या डब्यात बसण्यात कमीपणा नाही. एकाचेही उत्तर 'नाही' आले, तर ती गाडी फुकट मिळाली तरी महागच पडेल.