ग्रुयेर : राजवाडा कर्जात गेला, गाव दुधावर तरले

स्वित्झर्लंड म्हटले की बर्फ आणि घड्याळे एवढेच आपल्याला आठवते. पण त्या देशाच्या पश्चिमेला फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांचा मोठा मुलूख आहे. त्यातल्या फ्रिबुर्ग प्रांतातील ग्रुयेर या गावाची ओळख आम्ही सभासद बंधू-भगिनींना करून देत आहोत. गाव टेकडीवर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. एकच मुख्य रस्ता, दगडी फरशीचा. टोकाला तेराव्या शतकातला गढीवजा राजवाडा. निशाणावर क्रौंच पक्षी, कारण फ्रेंचमध्ये त्याला ‘ग्रू’ म्हणतात.

या वाड्यात एकामागून एक १९ सरंजामदार नांदले. शेवटचा मिशेल. त्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला आणि १५५४ साली दिवाळे निघाले. सावकार कोण, तर शेजारचीच बर्न आणि फ्रिबुर्ग ही राज्ये! १५५५ मध्ये दोघांनी मुलूख वाटून घेतला. वाड्यात फ्रिबुर्गचे अंमलदार येऊन बसले. पुढे वाडा खाजगी मालकीत गेला. १९३८ साली प्रांताने तो परत विकत घेतला. आज तिथे संग्रहालय आहे.

वाडा गेला, पण कुरणे आणि गायी कुठे जाणार? या मुलखाचे नाव जगभर झाले ते चीजमुळे. एक गोल चाक साधारण ३५ किलोचे. त्याला सुमारे ४०० लिटर दूध लागते. गायीला उन्हाळ्यात हिरवे गवत, हिवाळ्यात वाळलेले. मुरघास चालत नाही. दूध कच्चेच वापरायचे. ते दिवसातून दोनदा गावच्या डेअरीत पोचलेच पाहिजे. तोडलेला ऊस थांबत नाही, तसेच दुधाचे. अनेक गावांत ही डेअरी दूध उत्पादकांच्याच संस्थेची असते. चीज मात्र निदान पाच महिने तळघरात मुरवावे लागते, म्हणजे पैसा तेवढे दिवस अडकून पडतो.

१९९७ साली दूध उत्पादक, चीज बनवणारे आणि मुरवणारे अशा तिघांची मिळून एक संघटना झाली. यंदा माल किती काढायचा हे तिथे एकत्र बसून ठरते. बाजारात माल जास्त झाला की भाव पडतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको! २००१ साली नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. प्रत्येक चाकावर डेअरीचा क्रमांक असतो. खोट निघाली तर कोणाची ते लगेच कळते.

तरीही लढाई संपलेली नाही. अमेरिकेत ग्रुयेर हे नाव कोणीही वापरावे, ते एका चीज-प्रकाराचे सर्वसाधारण नाव आहे, असा निकाल २०२३ साली तिथल्या अपील न्यायालयाने दिला. नाव कमवायला शतके लागतात, आणि ते राखायला रोज जागे राहावे लागते.

सभासद बंधूंनो, सरंजामदार एकटा होता, तो बुडाला. दूधवाले एकत्र आले, ते टिकले. आमच्या मते या गावापासून घेण्यासारखे आहे ते एवढेच.